कार्तिकातलं काभ्रे: आमाचं घर, हेल्थ पोस्ट आणि चौतारा

नेपाळहून येऊन दोनेक महिने झाले, अजून रोज कुणीतरी विचारतंच की तिकडे जाऊन नक्की केलंस काय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, साताऱ्यात प्रॅक्टिस करते, बाळंतपणानंतर बायकांना होणारे पाठ-कंबर-ओटीपोटाचे त्रास हेच माझं रोजचं काम. नेपाळच्या डोंगरी भागात अंग बाहेर येण्याचा त्रास, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा, फार बायकांना आहे हे कॉलेजपासून ऐकत होते. 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा बायकांच्या प्रजनन हक्कांचा प्रश्न आहे असं सांगितलं, नंतर सरकारने मोफत ऑपरेशनंही सुरू केली. पण ऑपरेशनच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे त्रास सुरू होतानाच काम करायला माणसं हवी असतात, आणि तेच माझं क्षेत्र. एका ओळखीतून काभ्रेपलाञ्चोक जिल्ह्यातल्या एका गावातली जागा मिळाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे बायकांच्या खासगी दुखण्यांबद्दल लिहिलंय आणि गाव एवढंसं आहे.

काठमांडू आणि साँगा

मुंबई-दिल्ली-काठमांडू, विमान वेळेवर, सांगण्यासारखं काही नाही. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी मात्र मागून घ्या, आभाळ मोकळं असेल तर उतरेपर्यंत बर्फाची रांग सोबतीला असते. आपल्याला व्हिसा लागत नाही पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधारवर सोडत नाहीत (15 च्या आतल्यांना आणि 65 च्या वरच्यांना चालतं). पैशांचा हिशोब सोपा आहे, आपले 100 म्हणजे त्यांचे 160, दर कित्येक वर्षं तोच आहे. शंभराच्या नोटा जवळ ठेवा.

दशैं संपत आला होता. आपला दसरा एका दिवसात आटपतो, त्यांचा पंधरा दिवस चालतो, त्यामुळे अर्धं काठमांडू गावाला गेलेलं आणि रस्ते चक्क रिकामे.

गावात जायच्या आधी साँग्याला मणक्याच्या दुखापतींचं पुनर्वसन केंद्र आहे ते आम्हाला दाखवलं. 2015 च्या भूकंपानंतर इथे क्षमतेच्या कितीतरी पट पेशंट होते. पण एरवी इथे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त कोण असतं तर पडलेली माणसं. झाडावरून, कड्यावरून, चारा तोडताना. तिथे विशीतला एक मुलगा पलंगावरून व्हीलचेअरवर सरकायला शिकत होता, हातांवर सगळं वजन घ्यायचं, कंबर उचलायची, थांबायचं, परत. आई शेजारी उभी होती, मदतीला हात पुढे करायची आणि फिजिओ डोळ्यांनीच तिला थांबवायचा. घर कुठे विचारलं तर म्हणाली रस्त्यापासून तासभर खाली, पायऱ्या पायऱ्यांची वाट आहे. त्या वाटेवर व्हीलचेअर कशी जाणार हा प्रश्न मला तेव्हापासून आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कोजाग्रत पौर्णिमा, घरी पोचले

बनेपापर्यंत बस, मग पनौतीवरून जीप, शेवटचा चढ पायी. हवा अशी की पाऊस नुकताच उघडलाय, भात कापणीला आलंय, उतारभर पिवळं, आणि वर उत्तरेला एकदम बर्फ. जळवांची भीती वाटत असेल त्यांनी कार्तिकातच जावं, पावसाळ्यात नको.

घरात आमा (आई), बुबा (वडील), सून आणि सात वर्षांचा नातू. मुलगा कतारला, गावातल्या निम्म्या घरांत तरणा पुरुष असाच बाहेर. सून पुन्हा गरोदर, सहावा महिना. मी तिला बहिनी (धाकटी बहीण) म्हणायचे, ती मला दिदी. भूकंपात जुनं दगड-मातीचं घर पडलं, सरकारचे तीन लाख (नेपाळी) हप्त्याहप्त्याने मिळाले त्यात हे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर उभं राहिलं. जुन्या घराचे दगड अजून अंगणाच्या कडेला रचून ठेवलेत. बुबा म्हणाले, टाकवत नाहीत.

पौर्णिमेपर्यंतच टिका लावून घेता येतो आणि मी नेमकी त्याच दिवशी पोचले होते. हातपाय धुवायच्या आत आमाने समोर बसवलं, दही-तांदूळ-अबीर कालवलेला जाडजूड टिका कपाळभर लावला, कानामागे जमरा खोवला, म्हणजे घटात उगवलेली जवाची पिवळी रोपं, हातात दक्षिणा दिली आणि काय काय आशीर्वाद पुटपुटली. माझ्या घरी त्याच रात्री कोजागिरीचं दूध आटत होतं. आईला फोन करून सांगितलं की मला इथे आई मिळाली, आता काळजी करू नकोस.

जेवण सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला, डाळ-भात-तरकारी आणि गुन्द्रुक (आंबवून वाळवलेला पाला). मधे दोन-तीनला खाजा, म्हणजे भाजलेला मका नाहीतर चिउरा (पोहे). सकाळी सातला नाश्ता लागतो अशांनी बरोबर काहीतरी ठेवा, दहापर्यंत फक्त चहा मिळतो. एका रात्री नाचणीचा ढिंडो केला, मी म्हटलं आमच्याकडेही नाचणी खातात, तर आमाला इतका आनंद झाला की पुढे दर दोन दिवसांनी ढिंडोच. तो चावायचा नाही, गोळा डाळीत बुडवून गिळायचा. सिस्नूचं, म्हणजे खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या पाल्याचं सूप मला सगळ्यात आवडलं, आमा तो पाला चिमट्याने तोडायची.

हेल्थ पोस्ट

हेल्थ पोस्ट, म्हणजे गावचं सरकारी आरोग्य केंद्र, घरापासून अर्धा तास वर. शनिवारी सुट्टी, रविवारी चालू, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. रजिस्टरमध्ये तारखा विक्रम संवताच्या, त्यामुळे बाईची शेवटची पाळी कधी, डिलिव्हरीची तारीख कुठली, हे सगळं त्यांच्या महिन्यांत. देवनागरी वाचता येत असल्याने आपलं निम्मं काम तिथेच सोपं होतं.

हेल्थ असिस्टंट सरांनी पहिल्याच दिवशी नीट सांगितलं की इथे पेशंट तपासायचा तर आमच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, तुम्ही शिकवा, तपासणी सिस्टर करतील. मला हे फार पटलं. बाहेरून कुणीही यावं, ॲप्रन घालावा आणि खेड्यातल्या माणसांवर हात चालवावा हे मला कधीच मान्य नव्हतं. तुम्ही जाणार असाल तर ही गोष्ट तिकीट काढायच्या आधी विचारा. जी संस्था शिकाऊ मुलांना "इंजेक्शन द्यायला मिळेल, डिलिव्हरी करायला मिळेल" असं सांगते तिच्याकडे जाऊच नका. आपल्या गावात कुणी असं केलेलं आपण चालवून घेतलं असतं का?

सिस्टरांच्या खोलीत पडद्यामागे दिवसाला दोन-तीन बायका तरी याच त्रासाच्या यायच्या. कुणी सांगायची कंबर दुखते, कुणी सांगायची लघवी थांबत नाही, मूळ गोष्ट बाहेर यायला चार भेटी लागायच्या. काहींना गर्भाशय खाली येऊ नये म्हणून आत रिंग बसवलेली असते, ती ठरावीक महिन्यांनी काढून धुवून बदलावी लागते. एका आजींची रिंग किती वर्षं तशीच होती हे त्यांनाही आठवत नव्हतं, आत जखम झालेली. सिस्टरांनी हळूच काढली, जखमेचं औषध दिलं, धुलीखेलच्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली. आजी इतकंच म्हणाल्या, कुणी सांगितलंच नव्हतं की बदलायची असते. मी त्या रात्री खूप वेळ जागी होते.

कारण विचारलं तर कुठलीही बाई एकाच श्वासात सांगते. न्वारान (बारसं) अकराव्या दिवशी, ते झालं की सुत्केरी (बाळंतीण) कामाला. पाणी, चारा, सरपण, सगळं पाठीवरच्या डोकोत, डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली, तिचा पट्टा (नाम्लो) कपाळावर. वर चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं खोकला, प्रत्येक खोकल्याला खाली दाब. हे कुणालाच नवीन नाही, करणार काय हा प्रश्न आहे, कारण पाणी आणायला दुसरं कोणी नाही. धारा, म्हणजे पाणी भरायचा झरा, तोही पूर्वी जवळ होता, भूकंपानंतर तो आटला, आता लांबचा.

स्वयंसेविका दिदीबरोबर

मग आली व्हिटॅमिन ए ची मोहीम. वैशाखात आणि कार्तिकात, वर्षातून दोनदा असते आणि अख्खी मोहीम चालते ती महिला स्वास्थ्य स्वयंसेविकांच्या जिवावर. 1988 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला, देशभरात 50 हजारांवर बायका आहेत, प्रत्येकीच्या घराबाहेर पाटी. आपल्या आशाताईंसारखंच काम, पण आशा 2005 नंतरच्या, या त्याच्या कितीतरी आधीपासून, आणि यांना पगार नाही.

आमच्या वॉर्डातल्या दिदी पन्नाशीच्या. मला सकाळी घ्यायला आल्या, पिशवीत एक कात्री, कॅप्सूलचा डबा, जंताच्या गोळ्या आणि रजिस्टर. सहा महिने ते वर्षाच्या बाळाला निळी कॅप्सूल, वर्षाच्या पुढे पाच वर्षांच्या आतल्यांना लाल. कात्रीने कॅप्सूलचं टोक कापायचं, बाळाचे गाल दोन बोटांत दाबायचे आणि थेंब आत. दिदींचा हात इतका बसलेला की बाळ रडायला तोंड उघडतं त्याच क्षणी काम झालेलं असायचं. एक आई म्हणाली मी नंतर आणते, दिदी म्हणाल्या मी इथेच बसते, तू भात कालव. आणि बसल्या.

उतरताना एका घरी बाळंतीण होती, आठ दिवसांची. दिदींनी बाळाची नाळ बघितली. तिथे नाळेला क्लोरहेक्सिडीनचं जेल लावतात, नाभी मलम म्हणतात, छोटी ट्यूब असते. पूर्वी लोक तेल-हळद काय काय लावायचे. मग बाळंतिणीला विचारलं हेल्थ पोस्टमधल्या डिलिव्हरीचे पैसे मिळाले का, डोंगरी जिल्ह्यात दोन हजार मिळतात, आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, बाळंतपणानंतर 45 दिवस घ्यायच्या. ज्वानोचा झोल, म्हणजे ओव्याचं सूप, मलाही वाटीभर मिळालं. आणि तिथेच सासूबाई सांगत होत्या, अजून तीन दिवस, मग ही उठेल कामाला. त्या वाईट नव्हत्या. स्वतः त्याही अकराव्या दिवशीच उठल्या होत्या.

मी दिदींना विचारलं, यांना सहा आठवडे ओझं उचलू नका असं सांगितलं तर ऐकतील? दिदी म्हणाल्या, वीस वर्षं सांगतेय. उचलू नको सांगून होत नाही, कसं उचलायचं ते सांग.

चौतारा

त्याचं उत्तर वाटेतच होतं. चढावर थोड्या थोड्या अंतराने चौतारा असतो, वड-पिंपळ एकत्र लावलेला दगडी पार. मी रोज त्यावर बसत होते. पण त्या दिवशी एक आजीबाई चाऱ्याचा भला मोठा डोको घेऊन आल्या, पाराकडे पाठ केली, गुडघे जरासे वाकवले आणि डोको मागच्या पायरीवर अलगद टेकला. कंबरेत वाकणं नाही, जमिनीवर ठेवणं नाही, नाम्लो सैल केला की मोकळ्या. निघताना उलट, कपाळावर पट्टा, पाय सरळ केले की चालू. ती पायरी बरोबर पाठीवरच्या डोकोच्या उंचीची बांधलेली असते. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी ओझ्याच्या बाईमाणसाचा विचार करून ही उंची ठरवलीय, आणि माझ्या पुस्तकात मणका आणि ओटीपोट वाचवायला जे लिहिलंय ते नेमकं हेच, ओझं जमिनीवरून उचलू नका, कंबरेच्या उंचीवरून घ्या.

अडचण अशी की चौतारा वाटेवर असतो, धाऱ्यावर आणि गोठ्यात नसतो. जिथे ओझं पहिल्यांदा पाठीवर चढतं तिथेच बाई जमिनीवर बसून, पोटात श्वास कोंडून, जोर लावून उठते. सगळा दाब त्या एका उठण्यात.

दिदी, सिस्टर आणि मी त्या रात्री आमाच्या चुलीपाशी बसून हे बोललो. बुबा दारात बसून ऐकत होते.

बायकांचा क्लास

शनिवारी चौताऱ्यावरच क्लास ठेवला. मला वाटलं होतं पाचसहा जणी येतील, सुकुल (पेंढ्याची चटई) कमी पडले इतक्या आल्या. सासवांना दिदींनी मुद्दाम आधी बोलावलं होतं, म्हणाल्या सुनेला सांगून काय उपयोग, ठरवणारी ती नाही.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. ऐकायला सोपं आहे पण बहुतेक बाया आवळायच्या ऐवजी श्वास कोंडून खाली जोर लावतात, म्हणजे फायदा बाजूलाच, उलट नुकसान. त्यावर माझा साताऱ्यातला उपाय म्हणजे आकडे मोठ्याने म्हणायला लावायचे. तोंडाने एक-दोन-तीन चालू असेल तर श्वास कोंडता येतच नाही. मग सगळा पार एक, दुई, तीन, चार, पाँच करायला लागला, खालच्या वाटेने जाणारी पोरंही मोजायला लागली. दुसरी गोष्ट, खोकायच्या आधी आणि डोको उचलायच्या आधी आवळायचं. तिसरी, रिंग असेल तर तारीख दिदींच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवायची, ही सिस्टरांची कल्पना. अंग पूर्ण बाहेर येत असेल त्यांना व्यायामाने ते आत जाणार नाही, हॉस्पिटललाच जावं लागेल, हेही स्पष्ट सांगितलं.

शेवटी एक म्हातारी सासू उठून सगळ्यांसमोर म्हणाली, मला वीस वर्षं आहे, मी कुणाला बोलले नाही. कुणी हसलं नाही. तिच्या शेजारचीने हात वर केला, मग तिच्या मागचीने. सिस्टर नावं लिहीत गेल्या. मी हे टाइप करतानाही माझे हात थरथरतायत.

तिहार

मग सुट्ट्याच सुट्ट्या. एक दिवस कावळ्यांचा, एक कुत्र्यांचा. घरच्या कुत्र्याला टिका, झेंडूची माळ आणि मटण, तो दिवसभर माळ सांभाळत बसलेला. लक्ष्मीपूजेच्या रात्री मुली भैली गात दारोदार आल्या, अंगणात नाचल्या, आमाने सुपात तांदूळ, सेलरोटी आणि पैसे दिले. सेलरोटी म्हणजे तांदळाच्या पिठाचं गोल कडं, तळताना हात गोल फिरवत पीठ सोडायचं, आमाने मला शिकवलं.

भाऊबीजेला बहिनीचा भाऊ खालच्या गावाहून आला. तिने दारात अक्रोड फोडला, मखमली फुलांची माळ घातली, सात रंगांचा टिका लावला. जेवून भाऊ आणि बुबा उठले आणि अंगणाच्या कडेच्या त्या जुन्या घराच्या दगडांपाशी गेले. दुपारपर्यंत धाऱ्याशेजारी डोकोच्या उंचीचा कट्टा रचून तयार. बुबांनी आधी बहिनीला रिकामा डोको घेऊन उभं केलं, उंची मापली, एक थर काढला, परत मापली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन घरांनी गोठ्यापाशी तसेच कट्टे घालायला घेतले. गरोदर सुनेचं पाणी मात्र आता बुबाच आणतात, हे आमाने ठरवलं आणि एका वाक्यात सांगून टाकलं.

जाणाऱ्यांसाठी

होमस्टेचे पैसे घराला थेट मिळतात का ते विचारा, आमच्याकडे मधल्या माणसाने बराच वाटा ठेवला होता, ते कळल्यावर वाईट वाटलं. कमीत कमी तीन-चार आठवडे तरी राहा, पहिला आठवडा नुसता ओळखीत जातो. रात्री चांगलीच थंडी पडते, लोकरीचं आणि जाड मोजे हवेतच. आंघोळ दुपारच्या उन्हात. भेट म्हणून खेळणी-चॉकलेटं वाटत सुटू नका, मी हेल्थ पोस्टला विचारून बीपीचं मशीन नेलं होतं आणि आमासाठी घरचं तीळकूट. हिंदी बहुतेकांना कळतं पण म्हाताऱ्या बायकांना नाही, त्यामुळे अवयवांची आणि दुखण्यांची नेपाळी नावं आधीच शिकून जा.

परवा दिदींचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला की सिझर झालेल्या बाईने आवळायचा व्यायाम कधीपासून करायचा. लघवीची नळी काढल्यानंतर, दुखत नसेल तर हलकेहलके लगेच, नॉर्मल डिलिव्हरीत पहिल्या काही दिवसांतच, ओझं मात्र दोघींनीही सहा आठवडे नाही, असं उत्तर पाठवलं. त्यांनी ते इतर वॉर्डांच्या स्वयंसेविकांच्या ग्रुपवर टाकलं आणि तिकडून लगेच पुढचे चार प्रश्न आलेत, आज रात्री बसून त्यांची उत्तरं रेकॉर्ड करायचीत.